परदेशातून वर्षाच्या मध्यात परतताना: आठवी ते बारावीच्या मुलांच्या शाळाप्रवेशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका शाळेच्या प्रवेश विभागात मी बरीच वर्षं काम केलं. न्यू जर्सी, दुबई, लंडन, सिडनी असे कुठूनकुठून फोन यायचे आणि बहुतेकांची सुरुवात एकच असायची: "मॅडम, तिकिटं काढली आहेत, आता शाळेचं बघायचंय." मला विचाराल तर हा क्रमच उलटा आहे. आधी मुलाची इयत्ता आणि बोर्ड ठरवा, मग शाळा, मग घर, आणि तिकिटं सगळ्यांत शेवटी. पहिली-दुसरीतल्या मुलाचं कसंही निभावतं. नववीच्या पुढे मात्र चार-पाच महिने इकडेतिकडे झाले की एखादा दरवाजा कायमचा बंद होतो. खालचे प्रश्न पालकांनी वारंवार विचारलेले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

वर्षाच्या मध्यात प्रवेश मिळतो का हो?

आठवीपर्यंत मिळतो. नववीत आणि अकरावीत धडपड करावी लागते. दहावीत आणि बारावीत जवळजवळ नाहीच, अपवाद पुढे सांगते.

आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा तुमच्या बाजूने आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्ष सुरू झालंय म्हणून, किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर होतोय म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण कायद्याचं कलम दाखवून खासगी शाळेत जागा मिळवलेला पालक मी फारसा पाहिलेला नाही. "तुकडी भरली आहे" हे उत्तर शाळेकडे कायम तयार असतं. कलम मनात ठेवा आणि फोनवर गोड बोला.

मुलगी तिकडे 'इयर टेन'मध्ये आहे. म्हणजे इथे दहावी ना?

नाही, नववी. ब्रिटिश पद्धतीत एक आकडा वजा करायचा: इयर नाइन म्हणजे आपली आठवी, इयर टेन म्हणजे नववी, आणि जीसीएसई ही तिकडची बोर्डाची परीक्षा होते ते इयर इलेव्हन म्हणजे दहावी. आखातातल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांनाही हेच लागू. अमेरिकेत आकडा तोच राहतो, ग्रेड नाइन म्हणजे नववी. ऑस्ट्रेलियातही आकडा तोच, पण त्यांचं वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपतं. त्यामुळे तिथून डिसेंबरात आलेलं मूल आपल्या वर्षाच्या अधेमधेच येऊन पडतं.

शाळेशी बोलताना "टेन्थ" म्हणू नका. "पहिलीपासून मोजली तर तिची आत्ता नववी चालू आहे" असं सांगा. यावरून झालेले गोंधळ मी पाहिले आहेत. फॉर्ममध्ये दहावी लिहिलेलं, शाळेने लगेच नकार कळवलेला, आणि मूल मुळात नववीतलं!

मग नेमकं कधी यावं?

आधी इथली वर्षं समजून घ्या. सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि मे महिन्याची सुट्टी घेऊन जूनमध्ये परत भरतात. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर, विदर्भात उन्हामुळे आणखी थोड्या उशिरा. आयबी आणि केंब्रिज या आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या बहुतेक शाळा जुलै-ऑगस्टमध्ये. गोव्यात राज्य मंडळानेही २०२५पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू करायला घेतले आहेत, तेव्हा फोंडा-मडगावला परतणाऱ्यांनी जून गृहीत धरू नये.

आता अमेरिकेतलं मूल घ्या. मे-जूनमध्ये आठवी संपली, ऑगस्टच्या शेवटी नववी सुरू झाली, आणि तुम्ही नाताळच्या सुट्टीत परत आलात. त्याची नववी जेमतेम चार महिने झालेली असते. इथली सीबीएसईची नववी एप्रिलपासून चालू असते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वार्षिक परीक्षा. म्हणजे उरलेल्या दोन-अडीच महिन्यांत वर्षभराचं गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि एक भारतीय भाषा. हुशार मूलही इथे गडबडतं. त्यात भर म्हणजे नववीत बोर्डाकडे विद्यार्थ्यांची नोंदणी होते. सीबीएसईची ही खिडकी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडते. ती मिटल्यावर आलेल्या मुलाचं नाव घालायचं तर शाळेला बोर्डाकडे पत्रव्यवहार करावा लागतो, आणि तो करायची इच्छा असलेला मुख्याध्यापक तुम्हाला भेटावा लागतो.

म्हणून माझा सल्ला असा: मूल आठवीत असेल तर आठवीतच आणा, दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू होताना आलं तरी चालेल. त्याला शाळेची, भाषेची, मित्रांची सवय व्हायला चार-पाच महिने मिळतात आणि नववी पहिल्या दिवसापासून नीट सुरू होते. आठवी सरली असेल तर नववीच्या सुरुवातीला आणा. तेही चुकलं तर दहावी तिकडे पूर्ण करून अकरावीला आणा, पण त्याचे परिणाम आधी पुढच्या मेडिकल-इंजिनीअरिंगच्या प्रश्नात वाचा. नववीचा मध्य ते दहावीचा शेवट हा काळ मात्र शक्य तेवढा टाळा.

नोकरी आपल्या सोयीने संपत नाही हे मला ठाऊक आहे. अशा वेळी बरीच कुटुंबं दोन टप्प्यांत येतात: एक जण पुढे, दुसरा मुलांबरोबर वर्ष संपेपर्यंत मागे. आखातातल्या मराठी घरांना याची सवय आहे. व्हिसा नोकरीलाच बांधलेला असेल तर तेही जमत नाही, आणि मग पुढचा प्रश्न येतो.

दहावीच्या वर्षातच यावं लागलं. काही मार्ग?

मूल तिकडे कोणत्या बोर्डात आहे यावर सगळं अवलंबून. दुबई, मस्कत, दोहा इथल्या सीबीएसई शाळेत असेल तर फारसं अवघड नाही. बोर्ड तेच, पुस्तकं तीच, वर्षही एप्रिलचंच. पालकांची बदली किंवा कुटुंबाचं स्थलांतर या कारणाने बोर्डाच्या परवानगीने दहावीत-बारावीत शाळा बदलता येते. नववीचं प्रगतिपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि स्थलांतराचा पुरावा लागतो. इथे कंपनीचं पत्र फार कामाला येतं. नोकरी सुटल्याचं पत्रसुद्धा जपून ठेवा.

मूल अमेरिकन किंवा ब्रिटिश अभ्यासक्रमात असेल तर सीबीएसईच्या दहावीत मध्येच बसवण्याचा नाद सोडा. नववी-दहावी हा बोर्ड दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम मानतं. पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते, प्रत्येक विषयात वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि तुमच्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. २०२६पासून सीबीएसईने दहावीच्या दोन परीक्षा सुरू केल्या आहेत. त्या ऐकून पालकांना आशा वाटते, पण फेब्रुवारीची परीक्षा सगळ्यांना सक्तीची आणि मेमधली मुख्यतः काही विषयांत गुण सुधारण्यासाठी आहे. उशिरा आलेल्यांची सोय म्हणून ती नाही.

आयजीसीएसई, म्हणजे जीसीएसईची आंतरराष्ट्रीय आवृत्ती, चालू असेल तर तेच पूर्ण करा. पुण्यात आणि मुंबई-ठाण्यात केंब्रिजच्या शाळा आहेत, आणि केंब्रिज भारतात मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरखेरीज मार्चमध्येही परीक्षा घेतं. फक्त विषय, त्यांचे कोड आणि परीक्षा मंडळ जुळतं का ते आधी पाहा. तिकडे मूल पिअर्सन एडेक्सेलचं गणित करत असेल आणि इथली शाळा केंब्रिजची असेल, तर नाव सारखं असलं तरी पेपर वेगळा.

आमच्यासाठी कोणतं बोर्ड बरं?

आर्थिक कुवत आणि बारावीनंतरचा बेत या दोनच गोष्टींवर हे ठरतं, बाकी चर्चा मला तरी वेळखाऊ वाटते.

बारावीनंतर पुन्हा परदेशी पाठवायचं पक्कं असेल आणि फी झेपत असेल, तर आयबी किंवा केंब्रिज. मुलाला सांधा बदलल्यासारखं कमी वाटतं, भाषेचा प्रश्नही हलका होतो. आयबी डिप्लोमा मात्र अकरावी-बारावीचा दोन वर्षांचा एकत्र कार्यक्रम आहे. त्यात मध्ये शिरायचं तर आधीची शाळाही आयबीची आणि सहाही विषय त्याच पातळीचे असावे लागतात.

पुढे इथेच शिकायचं असेल तर सीबीएसई किंवा राज्य मंडळ. सीबीएसईचा फायदा उघड आहे: नोकरीसाठी उद्या बंगळूर-हैदराबादला जावं लागलं तरी बोर्ड तेच राहतं. तरीही राज्य मंडळाला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. वर्ष जूनमध्ये सुरू होतं, त्यामुळे अमेरिकेची शाळा मेच्या शेवटी संपवून येणाऱ्याचं वर्ष अलगद जुळतं. इंग्रजी माध्यमाच्या चांगल्या, जुन्या शाळा प्रत्येक शहरात आहेत. फी माणसात असते. अवघड फक्त मराठी आणि हिंदी.

आयसीएसईत इंग्रजी भरभक्कम आहे, म्हणून परदेशातून आलेली मुलं तिथे इंग्रजीत चमकतात. पण नववीतली नोंदणी आणि दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम याबाबत ते बोर्डही तितकंच कडक आहे.

मुलाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. हिंदी तर शून्य. काय होणार?

आजीशी फोनवर अर्धा तास मराठीत गप्पा मारणारं मूल चाचणीच्या वेळी 'क्ष' आणि 'ज्ञ' पाहून थबकतं. परत येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची हीच गत असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तयारी तिकडेच सुरू करा, इथे आल्यावर नको.

महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, आंतरराष्ट्रीय शाळांतही. म्हणून शाळेला "मराठी आहे का" हे विचारण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे: मराठीचं मूल्यमापन गुणांनी होतं की श्रेणीने, आणि आमच्या मुलाच्या वर्गात तो विषय कोणत्या पातळीचा आहे?

सीबीएसईत नववी-दहावीला दोन भाषा लागतात. एक इंग्रजी घेतली तर दुसरी म्हणून फ्रेंच, जर्मन, संस्कृत हे पर्याय बोर्डाच्या यादीत आहेत, पण यादीत असणं वेगळं आणि तुमच्या शाळेत शिक्षक असणं वेगळं. भाषांचे नियम नव्या धोरणानुसार बदलत आहेत, तेव्हा तुमच्या मुलाच्या वर्षाला काय लागू आहे ते शाळेकडून लेखी घ्या. राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमात मराठी आणि हिंदी या दुसऱ्या-तिसऱ्या भाषा म्हणून येतात. तिथे हिंदी-संस्कृत 'कंपोझिट'चा पर्याय असेल तर पालक तो घ्यायला धावतात. पूर्ण हिंदी टळते खरी, पण शून्यापासून संस्कृत शिकणंही काही खेळ नाही.

घरी करायचं एवढंच: मुळाक्षरं आणि बाराखडी पक्की, मग रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचन आणि चार ओळी श्रुतलेखन. व्याकरण शाळा बघून घेते. लिहिण्याचा वेग मात्र कुणी देऊ शकत नाही, आणि पेपर त्यातच राहतो.

कागदपत्रं कोणती लागतात?

मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपत्रकं, चालू वर्षाचा आतापर्यंतचा निकाल, शाळा सोडल्याचं पत्र, जन्मदाखला, मुलाचा आणि पालकांचा पासपोर्ट, लसीकरणाची नोंद, इथल्या पत्त्याचा पुरावा, फोटो. परदेशी पासपोर्ट असेल तर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड. जन्मदाखला आणि पासपोर्टमधलं नाव अक्षराक्षराने जुळतंय का ते आत्ताच बघा. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, ही मराठी घरांची हमखास अडचण. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे छापलं जातं ते आयुष्यभर सोबत राहतं.

निकालावर शिक्का-सही हवी. अमेरिकन शाळा ऑनलाइन ट्रान्सक्रिप्ट देतात, त्यात टक्के नसतात, शेरा नसतो, गोल शिक्का तर नसतोच. आमच्या कार्यालयातले लिपिक भाऊ असा कागद उलटासुलटा करून बघायचे आणि शेवटी विचारायचे, "मॅडम, यात पास कुठे लिहिलंय?" त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या रजिस्टरमध्ये 'मागील इयत्ता उत्तीर्ण' असा रकाना असतो आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून तिकडच्या शाळेकडून लेटरहेडवर एक साधं पत्र घ्या: अमुक विद्यार्थी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शिकला, ग्रेड एट यशस्वीपणे पूर्ण केली, ग्रेड नाइनमध्ये बढती मिळाली, श्रेणी मोजण्याची पद्धत अशी. खाली मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का. हे एक पान पन्नास ईमेल वाचवतं.

अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का, प्रत्येक शाळा मागत नाही, पण बोर्डाला किंवा परदेशी परीक्षा इथल्या कशाच्या तोडीची ते ठरवणाऱ्या भारतीय विद्यापीठ संघाला कागद दाखवायची वेळ आली तर लागतो. तिथे असतानाच करून घ्या, इथून करायला गेलात तर महिने जातात. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत हे देश अपोस्टीलच्या करारात नाहीत. तिथल्या कागदांवर स्थानिक शिक्षण खातं, मग परराष्ट्र खातं, मग भारतीय दूतावास अशी शिक्क्यांची साखळी लागते.

तिकडची शाळा 'टीसी' देतच नाही. मग?

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये ती पद्धतच नाही. वर सांगितलेलं पत्र आणि 'विथड्रॉवल'ची नोंद असलेला कागद शाळा स्वीकारतात. शिवाय पालकांचं प्रतिज्ञापत्र जोडा.

आधार कार्ड नाही. अडेल का?

प्रवेश अडू नये, पण नंतर शाळेचा पाठलाग सुरू होतो. यूडायस या सरकारच्या शालेय नोंदींच्या पोर्टलवर मुलाची नोंद, त्याचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, 'अपार' ओळखपत्र, सगळीकडे आधार मागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला इथे आल्याबरोबर आधारसाठी नाव नोंदवता येतं. ओसीआय असलेल्याला मात्र आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याची अट आहे, तेव्हा शाळेला तसं लेखी कळवून ठेवा.

परदेशी पासपोर्ट आहे आणि ओसीआय काढलेलंच नाही, असं असेल तर ते आधी काढा. पर्यटक व्हिसावर शाळेत बसवता येत नाही.

प्रवेश परीक्षेत काय विचारतात?

इंग्रजी, गणित, थोडं विज्ञान. इंग्रजीची काळजी नको, गणिताची करा. अमेरिकेत अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू असे एकेका वर्षाला एकेक विषय. इथे नववीतच बहुपदी, त्रिकोणांची एकरूपता, निर्देशक भूमिती, पृष्ठफळ-घनफळ सगळं थोडं थोडं. त्यामुळे अल्जेब्रात पुढे असलेल्या मुलाने भूमितीतली सिद्धता आयुष्यात लिहिलेली नसते. शिवाय कॅल्क्युलेटर नाही. यायच्या आधी एनसीईआरटीची, म्हणजे सीबीएसईत चालणारी, आठवी-नववीची गणिताची पुस्तकं सोडवून घ्या. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात.

सीबीएसईच्या दहावीत गणित 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' अशा दोन पातळ्यांचं आहे. पुढे गणित घ्यायचंच नाही असं पक्कं असेल तरच बेसिक घ्या.

अकरावीला यायचं आहे. ते सोपं का?

दहावी पूर्ण झालेली असेल आणि वेळेवर आलात तर सगळ्यांत स्वच्छ टप्पा हाच. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात, २०२५-२६पासून संपूर्ण राज्यात. मे-जूनमध्ये नोंदणी, मग फेऱ्या. दुसऱ्या बोर्डातल्या, परदेशी बोर्डातल्या विद्यार्थ्यांची गुणांची पडताळणी वेगळी होते, म्हणून पहिल्याच फेरीच्या आधी कागद तयार हवेत. नंतर पात्रता प्रमाणपत्रासाठी विभागीय मंडळाकडे जावं लागतं. आयजीसीएसई असेल तर भारतीय विद्यापीठ संघ किमान पाच विषयांत ए स्टार ते सी श्रेणी पाहतो. तिकडे चारच विषय घेतलेले मूल इथे अडकतं.

अमेरिकेतल्या मुलांची गोष्ट वेगळी. तिथे दहावीला बोर्डाची परीक्षाच नसते, हातात असतं ते ग्रेड टेनचं ट्रान्सक्रिप्ट. त्याला दहावीसमान मानणं हे संबंधित बोर्डाचं काम, महाविद्यालयाचं नव्हे. आधी अर्ज करा, मग या.

सप्टेंबरनंतर आलात तर रिकाम्या राहिलेल्या जागाच उरतात. विज्ञान शाखेत नामवंत महाविद्यालय विसरा, पण जागा मिळते. याच वेळी 'इंटिग्रेटेड'वाले तुम्हाला गाठतील: कॉलेजात नाव, दिवसभर क्लासमध्ये. नव्या देशात आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला खरं कॉलेज, कट्टा, मित्र यांची गरज क्लासइतकीच असते. त्यात सीबीएसईने अशा 'डमी' शाळांवर कारवाई सुरू केली आहे. मी तरी त्या वाटेला पाठवणार नाही.

एक वर्ष मागे बसवावं का?

बहुतेक वेळा हो. "वर्ष वाया जातं" हे नातेवाइकांचं दुःख असतं, मुलाचं नसतं. नववी अर्धवट करून आलेल्या मुलाने एप्रिलमध्ये नववी पहिल्यापासून सुरू केली तर त्याला दहावीचा पाया मिळतो आणि डिसेंबर ते मार्च हे महिने भाषेला मिळतात. जन्म वर्षाच्या उत्तरार्धातला असेल तर वयाचा फरकही जाणवत नाही. फक्त मुलाला विश्वासात घेऊन हे ठरवा. परस्पर ठरवलंत तर तो नापास झाल्यासारखं वागतो.

मेडिकल-इंजिनीअरिंगचा विचार आहे. दहावी कुठे झाली याने फरक पडतो?

पडतो, आणि हे पालकांना फार उशिरा कळतं. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतून उत्तीर्ण असणं लागतं. केंद्र सरकार, सैन्यदल अशा नोकऱ्यांतल्या पालकांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, खासगी नोकरीवाल्यांना त्या लागू नाहीत. म्हणजे "दहावी तिकडेच होऊ दे, अकरावीला आणू" हा एरवीचा शहाणा सल्ला डॉक्टर व्हायचं असलेल्या मुलासाठी महागात पडू शकतो. त्याच्यासाठी नववीच्या सुरुवातीला येणंच बरं, त्यासाठी आईवडिलांपैकी एकाला आधी यावं लागलं तरी.

इंजिनीअरिंगला एवढं कडक नाही. दहावी-बारावी बाहेर झाली असली तरी आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील आणि तसं प्रमाणपत्र असेल तर राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेतून उमेदवारी मिळण्याचा प्रकार नियमांत आहे. अधिवासाचे कागद सेतू केंद्रातून, म्हणजे सरकारी दाखले मिळतात तिथून, काढायला वेळ लागतो, आल्याआल्या त्यामागे लागा.

परदेशी पासपोर्टवाल्या मुलांसाठी आणखी एक तारीख महत्त्वाची: ४ मार्च २०२१. त्या दिवशीच्या अधिसूचनेने फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांतून ओसीआय कार्डधारकांना वगळलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये ती अधिसूचना त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू केली. तुमच्या मुलाच्या कार्डावर आधीची तारीख असेल तर जुनं कार्ड जिवापाड जपा.

उलट बाजूही पाहा. एनआयटीसारख्या इंजिनीअरिंगच्या संस्थांतली 'दासा' ही परदेशातल्या विद्यार्थ्यांना थेट प्रवेश देणारी योजना भारतीय नागरिकत्व असलेल्या मुलांकडून अकरावी-बारावी परदेशात झाल्याची अपेक्षा करते. अकरावीत मध्येच आणलंत तर तो मार्ग बंद. आखातातून येणाऱ्यांनी हे नक्की तपासावं.

फी आणि डोनेशन?

वर्षाच्या मध्यात आलात तरी अनेक शाळा पूर्ण वर्षाची फी मागतात. सत्राप्रमाणे फी घ्या म्हणून विनंती करा, काही शाळा ऐकतात. देणगीच्या नावाखाली पैसे मागणं महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने बेकायदा आहे. पावती न देणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि फोनवर पहिल्याच वाक्यात "आम्ही स्टेट्सहून येतोय" सांगायची काही गरज नसते.

घर आधी घ्यावं की शाळा?

शाळा. बाणेरला फ्लॅट आणि हडपसरला शाळा असं झालं तर मुलाचे रोजचे तीन तास बसमध्ये जातात. पहिले सहा महिने भाड्याने राहा.

एनआयओएस म्हणजे नापास मुलांचं बोर्ड ना?

अजिबात नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच विषय, त्यात एक भाषा पुरते, आणि ती इंग्रजी चालते. दहावीच्या ऐन मध्यात आलेल्या, हिंदी-मराठी न लिहिता येणाऱ्या मुलासाठी हा सगळ्यांत प्रामाणिक मार्ग आहे. प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. उणीव एकच: मूल घरी एकटं पडतं. मैदान, नाटक, पोहणं, काहीतरी रोजचं लावून द्या, नाहीतर वर्षभर त्याचे मित्र फक्त जुन्या देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राहतात.

राज्य मंडळातही १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण त्यात मराठी-हिंदीतून सुटका नाही.

पाचगणीला किंवा लोणावळ्याला वसतिगृहात ठेवलं तर?

आईवडील तिकडे आणि मूल इकडे, अशी एखाद्या वर्षाची सोय म्हणून ठीक. नुकत्याच देश बदललेल्या मुलाला घरही बदलायला लावणं मला जड वाटतं. बहिणीकडे, मावशीकडे ठेवणार असाल तर पालकत्वाचं पत्र नोटरी करून शाळेत द्या, नाहीतर सहलीच्या परवानगीवरसुद्धा सही कोण करणार यावर अडतं.

मुलगा यायलाच तयार नाही. काय सांगू त्याला?

खरं सांगा. शिक्षक वर्गात आल्यावर मुलांना उभं राहावं लागतं, फोन नेता येत नाही, एका वर्गात चाळीसच्या वर मुलं असतात, आणि पहिले काही दिवस "इंग्लिशमध्ये बोल ना" म्हणून सगळे त्याच्याभोवती जमतील, तेही सांगा. तिकडच्या फुटबॉलच्या मोसमाचा शेवटचा सामना होईपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. चौदा वर्षांच्या मुलाला तो सामना तुमच्या नोकरीइतकाच मोठा असतो. शाळा निवडताना दोन पर्याय उरले की शेवटचा कौल त्याला देऊ द्या.

या उन्हाळ्यात सुट्टीला येतोय, परतायचं पुढच्या वर्षी. आत्ता काय करून ठेवू?

दोन-तीन शाळा मुलाला घेऊन बघा, शक्यतो शाळा भरलेली असताना, म्हणजे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहिलं की शाळा कळते. संलग्नता क्रमांक विचारा आणि बोर्डाच्या संकेतस्थळावर पडताळा, कारण 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलेल्या सगळ्या शाळा सीबीएसईच्या नसतात. मग चार प्रश्न ईमेलने पाठवा: अमुक महिन्यात अमुक इयत्तेत जागा असेल का, बोर्डाची नोंदणी कोण करणार, भाषा कोणत्या, फी किती. उत्तर ईमेलनेच मागा. प्रवेशाच्या वेळी समोर बसलेली बाई बहुधा वेगळी असते.